एका अ‍ॅम्प्लिफायरवरून

राजशेखरनं गुडघ्यावर बसून डाव्या स्पीकरच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि लाकडाला कान लावून डोळे मिटले. आम्ही चौघं त्याच्यामागं उभे होतो. मामांनी तर श्वास रोखून धरला होता.

"भरीव आहे," राजशेखर म्हणाला.

"भरीव आहे!" मामांनी आमच्याकडं वळून सांगितलं. आम्हाला मराठी कळत नसावं असा त्यांचा समज झाला होता.

"भरीव म्हणजे चांगलं की वाईट?" आईनं विचारलं.

"फार चांगलं, आई. इतकं चांगलं की तुमच्या सोलापुरात याला साजेसा अ‍ॅम्प्लिफायर मिळणं कठीण."

तुमच्या सोलापुरात! त्याचा जन्म बार्शीचा, शाळा बार्शीची, आजोळ आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण पुण्यात नोकरी लागली, कोथरूडला फ्लॅट घेतला आणि सोलापूर आमचं झालं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. आमचा साखरपुडा झाला होता आणि वैशाखात लग्न होतं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. मी सव्वीस वर्षांची होते, म्हणजे नातेवाइकांच्या हिशेबानं माझी गाडी स्टेशनातून सुटून बराच वेळ झाला होता. राजशेखर कोनापुरे हे स्थळ आईच्या भावानं, म्हणजे मामांनी आणलं होतं. इंजिनिअर, निर्व्यसनी, घरचं चांगलं. मामा त्याच्याबद्दल अशा अभिमानानं बोलायचे की त्याला त्यांनीच घडवलंय असं वाटावं. "आणि छंद बघ, आक्का," ते आईला म्हणाले होते, "संगीत! बाकीच्यांचे छंद काय? क्रिकेट आणि पत्ते."

संगीत म्हटल्यावर मला वाटलं होतं, याला गाणी आवडत असतील.

स्पीकर आप्पांचे होते. माझे वडील गिरणीत, मागखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. शेकडो माग एका छपराखाली चालायचे, तिथं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे जुने साहेब मुलीकडं बंगलोरला निघाले आणि जाताना हे विलायती स्पीकर आप्पांना देऊन गेले. कमरेइतक्या उंचीचे, गडद लाकडाचे, पुढं काळं कापड लावलेले. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर साहेबांच्या जावयानं आधीच उचलला होता. त्यामुळं ते कितीतरी दिवस आमच्या हॉलमध्ये दोन मुक्या पाहुण्यांसारखे उभे होते. आई त्यांच्यावर वाळलेले कपडे ठेवायची. आप्पा ते कपडे उचलून पलंगावर ठेवायचे आणि म्हणायचे, "जन्मभर गोंगाट ऐकला. आता निवांत बसून भजन ऐकणार मी."

शेवटी त्यांनी नव्या पेठेतल्या दुकानदाराला गाठलं. त्यानं दोन अ‍ॅम्प्लिफायर घरी बघायला पाठवले. सोमवारी माणूस येणार, एक ठेवायचा आणि दुसरा परत द्यायचा. एक रुपेरी होता, आवाजाबरोबर नाचणारे निळे दिवे असलेला. त्याला बेसचं बटण, ट्रेबलचं बटण, अजून कसली कसली बटणं. दुसरा काळा आणि एवढा जड, की टेम्पोवाला आणि मामा मिळून तो आत आणताना दोघांचे चेहरे लाल झाले. त्याला पुढं एकच बटण होतं. हे सगळं मामांनी फोनवरून राजशेखरला कळवलं, आणि होणारे जावई रविवारी सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं हजर. सोबत स्वतःचा सीडी प्लेयर, स्वतःची बोटाएवढी जाड वायर आणि सीड्यांची चामडी पेटी. माझ्यासाठी काही नव्हतं. मामा म्हणाले, "बघ, किती आपुलकी!"

आदल्या संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हा आप्पांनी रुपेरी अ‍ॅम्प्लिफायर जोडून जुन्या टेपरेकॉर्डरवरून भजनाची कॅसेट लावली होती. ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. दात शिवशिवावेत असा आवाज येत होता.

"कसं वाटतंय, आप्पा?"

"स्वच्छ! एकेक शब्द कळतोय बघ."

मी ट्रेबल जरासं कमी केलं.

"झाकलंस की गं," ते म्हणाले आणि बटण पुन्हा होतं तिथं नेऊन ठेवलं. मी मनात म्हटलं, असते एकेकाची आवड.

तर राजशेखर उठला, पँटचे गुडघे झटकले आणि हॉलभर नजर फिरवली.

"हे असे भिंतीला चिकटवून कुणी ठेवलेत?"

"मीच," आप्पा म्हणाले. "इकडं कपाट आहे ना."

"कपाट हलवावं लागेल."

कपाट हलवलं. म्हणजे मामांनी आणि मी हलवलं. राजशेखर हातवारे करत होता. मग आईचं शिलाई मशीन बाहेर गेलं, कारण त्याचं लोखंड आवाज परतवतं म्हणे. शोकेसच्या काचा थरथरतात म्हणून शोकेसमधल्या बाहुल्या, कपबशा आणि माझी वक्तृत्वाची ढाल पलंगावर आली. खिडकीवर सोलापुरी चादर टांगली. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडं राजशेखर बराच वेळ बघत राहिला, तेव्हा आप्पाच म्हणाले, "ते राहू देत. ते काही बोलत नाहीत."

मी हसले. राजशेखर हसला नाही. त्यानं फोटोच्या काचेवर टिचकी मारून बघितली.

मग आप्पांची लाकडी खुर्ची हॉलच्या बरोबर मधे ठेवली गेली, आणि आम्ही बाकीचे भिंतीला लागून उभे राहिलो.

"आता समजून घ्या," राजशेखर म्हणाला. त्याला समजावून सांगायला फार आवडायचं. साखरपुड्यात त्यानं मला अंगठी घालताना सोन्याचा कॅरट समजावून सांगितला होता, मला, केमिस्ट्रीच्या बाईला. "हे स्पीकर खादाड आहेत. त्यांना थोड्या पॉवरमध्ये भागत नाही. हा रुपेरी डबा दिव्यांचा आहे, आवाजाचा नाही. वर चारशे वॅट लिहिलंय ना? त्यातले खरे किती निघतील ते त्यालाच ठाऊक. आवाज अर्ध्याच्या वर नेलात की फाटणार. हा काळा मात्र जड का आहे? आत ट्रान्सफॉर्मर मोठा आहे. हा यांना ओढून नेईल."

"वा!" मामा म्हणाले.

"पण त्याला ट्रेबल नाही," आप्पा म्हणाले.

"काय?"

"ट्रेबलचं बटण. काळ्याला नाही."

राजशेखरनं माझ्याकडं बघून स्मित केलं. आपण दोघं शिकलेले, आपल्याला कळतं, अशा अर्थाचं ते स्मित होतं. मला त्यात ओढल्याचा राग आला.

"आप्पा, चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला ट्रेबलचं बटण नसतंच. जे रेकॉर्ड झालंय ते तसंच्या तसं ऐकायचं. त्यात आपण मीठमसाला टाकायचा नाही. तुम्ही किती ठेवता ट्रेबल?"

"फुल," मामांनी चुगली केली.

"फुल!" राजशेखरनं कपाळाला हात लावला. "हे काय लग्नाचं बँड पथक आहे?"

आप्पा हसले. पाहुण्यानं विनोद केला की हसायचं, एवढं त्यांना कळत होतं.

राजशेखरनं आपली सीडी लावली. त्या सीडीत गाणं एकही नव्हतं. एक काचेचा पेला फुटला. एक आगगाडी डावीकडून उजवीकडं गेली. कुणीतरी लाकडी जिना उतरलं. प्रत्येक आवाजानंतर राजशेखर आमच्या तोंडाकडं बघायचा आणि मामा मान डोलवायचे. आगगाडीला त्यांनी "क्या बात है" म्हटलं. माझ्या मनात आलं, या माणसानं आयुष्यभर हजार वेळा पेला फुटलेला ऐकला असेल आणि एकदाही तुकडे गोळा करायला वाकला नसेल.

"आता खरी परीक्षा," राजशेखर म्हणाला. "कुठला कुठला आहे हे दिसता कामा नये. दिवे दिसले की माणूस फसतो." त्यानं खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला. "आप्पा, चालेल ना?"

"चालेल की."

त्यानं आप्पांचे डोळे बांधले. माझे वडील खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले, फोटो काढताना बसतात तसे.

राजशेखरनं आप्पांचीच भजनाची कॅसेट लावली. आधी रुपेरीवर. मग वायरी बदलून काळ्यावर.

"पहिला बरा होता," आप्पा म्हणाले. "मोकळा होता."

"बरं. पुन्हा ऐका." राजशेखरनं वायरींना हात लावल्यासारखं केलं, कट्ट असा बटणाचा आवाज केला, पण बदललं काहीच नाही. काळाच वाजत राहिला. मग त्यानं आमच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

आप्पांनी मान जराशी कलती केली. "हं. हा बघा. हा मोकळा झाला."

मामांच्या तोंडून फुस्स असं हसू बाहेर पडलं. आईनं त्यांच्या दंडाला चिमटा काढला. राजशेखरचे डोळे चमकत होते. त्याला काहीतरी सापडलं होतं.

"आप्पा, एक शेवटचं. आता नुसता सूर वाजेल. शिट्टीसारखा. ऐकू आला की बोट वर करायचं. गेला की खाली."

"करतो."

त्यानं दुसरी सीडी लावली. आधी जाड, घुमणारा सूर आला. आप्पांचं बोट वर. थोडा बारीक. बोट वर. अजून बारीक. बोट जरा उशिरा, पण वर. शाळेतल्या हुशार मुलासारखे ते मन लावून बसले होते. मग अजून बारीक सूर सुरू झाला, सुईसारखा, आणि बोट मांडीवरच राहिलं.

राजशेखरनं आमच्याकडं तळहात करून गप्प राहायची खूण केली आणि आवाज वाढवला. मग अजून वाढवला. आईनं पदरासकट दोन्ही कान दाबून धरले. मामांनी डोळे मिचकावले. माझ्या तर दाढेपर्यंत तो सूर जात होता. आणि हॉलच्या मधोमध, खुर्चीत, डोळ्यांवर रुमाल बांधलेले आप्पा चेहऱ्यावर हलकं हसू ठेवून वाट बघत होते, सूर कधी सुरू होतो याची.

मी पुढं गेले आणि त्या काळ्या अ‍ॅम्प्लिफायरचं एकुलतं एक बटण बंद केलं.

"अगं, थांब की! अजून वर जायचंय," राजशेखर म्हणाला.

हॉलमध्ये शांत झालं. आप्पांनी मान आमच्या दिशेनं वळवली.

"सुरू झालं का?" त्यांनी विचारलं.

राजशेखर हसला. त्याच्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही मान्य करते. गणित सुटल्यावर माणूस हसतो तसा तो हसला, अगदी मनापासून, मोठ्यानं. "आप्पा! होऊन संपलं! म्हणजे वरचं तुम्हाला काही ऐकूच येत नाही. आणि मी मघापासून कुणासाठी डोकं फोडतोय? तुम्हाला कुठलाही डबा चालेल!"

"म्हणजे आमच्या आप्पांना आपला जुना टेपरेकॉर्डरच बरा की!" मामा म्हणाले आणि तेही हसले.

आप्पांनी रुमाल सोडला. आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आईचे हात अजून कानांवरच होते. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते चटकन खाली घेतले. आप्पांनी रुमालाची नीट घडी घातली, राजशेखरच्या हातात दिली आणि म्हणाले, "जेवण तयार आहे. बसू या."

आईनं शेंगापोळ्या केल्या होत्या. राजशेखरनं आवडीनं खाल्ल्या. पण जेवताना तो आप्पांशी एका नव्याच पद्धतीनं बोलायला लागला. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून.

"आप्पा! पोळी! फार! छान! झालीय!"

"मला एवढं ऐकू येतंय," आप्पा शांतपणे म्हणाले. "पोळी वाढ गं त्यांना."

नंतर ते हात धुऊन आतल्या खोलीत जाऊन पडले. दुपारी पडायची त्यांना सवय नव्हती.

राजशेखर हॉलमध्ये आपली जाड वायर हातावर गोल गुंडाळत होता. मी दारात उभी राहिले. मामा बडीशेप चघळत पलंगावर बाहुल्यांच्या शेजारी बसले होते.

"तू रागावलीस का?" राजशेखर म्हणाला. "अगं, मी उपकारच केलाय. आता त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं न्या. गिरणीतल्या लोकांचं होतंच असं. मशीन मिळतं हल्ली छान."

"बरोबर आहे तुमचं."

"मग?"

"डोळे बांधून हसलात कशाला?"

"डोळे बांधायचे असतात. टेस्ट तशीच करतात."

"आणि हसायचं असतं?"

तो खरोखर विचारात पडला. एवढा वेळ गुंडाळलेल्या वायरीचा एक वेढा त्याच्या हातातून सुटला. "मजा वाटली म्हणून हसलो," तो म्हणाला. "तुला नाही वाटली? त्यांचा चेहरा बघितलास का तू?"

"बघितला," मी म्हटलं. "मला तुमच्याशी लग्न करायचं नाही."

मामांच्या घशात बडीशेप अडकली.

"एका अ‍ॅम्प्लिफायरवरून?" राजशेखर म्हणाला.

"हो. एका अ‍ॅम्प्लिफायरवरून."

मी अंगठी काढून शोकेसच्या रिकाम्या फळीवर ठेवली. तो ती उचलायला तयार नव्हता. त्याला वाटलं, संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठिकाणावर येईल. मग त्यानं मला पुन्हा समजावून सांगायला सुरुवात केली. यात त्याचं चुकलं काय, तो खोटं काय बोलला, ऐकू येत नसेल तर ते लपवण्यात काय अर्थ आहे. मी सगळं ऐकून घेतलं. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. तो जितका वेळ बोलत होता तितकी मला अधिक खात्री वाटत गेली, कारण एवढ्या सगळ्या बोलण्यात आप्पा आत झोपलेत, त्यांना आपलं बोलणं ऐकू जाईल, हे काही त्याच्या मनात आलं नाही. की त्यांना ऐकू जाणार नाही असंच त्यानं धरलं होतं, कोण जाणे.

शेवटी मामाच त्याला स्टेशनवर पोचवून आले. अंगठी मामांच्या खिशातून गेली.

परत आल्यावर मामांनी आईसमोर कपाळ बडवून घेतलं. "आक्का, अशी मुलगी बघितली नाही मी! कुणी दारूवरून लग्न मोडतं, कुणी हुंड्यावरून मोडतं. ही अ‍ॅम्प्लिफायरवरून मोडते! मी त्यांच्या घरी तोंड कसं दाखवू?"

"तू हसलास तेच तोंड दाखव," आई म्हणाली.

मामा उठून गेले ते बरेच महिने आमच्याकडं आले नाहीत. त्यांनी बदला मात्र घेतला. सगळ्या पाहुण्यारावळ्यांत गोष्ट पसरवली, की हिला दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता आणि त्याला बिनदिव्याचा. कॉलेजात स्टाफरूममध्ये सहकारी विचारायचे, "मॅडम, किती वॅटवरून मोडलं?" एका मावशींनी तर मला समजावलं, की अगं, नवऱ्याच्या आवडीचा रेडिओ घेऊ द्यावा, आपण आपला मिक्सर घ्यावा. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर आप्पांचं सांगावं लागलं असतं. मग घरोघरी लोक त्यांच्याशी तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलले असते. त्यापेक्षा माझ्यावर हसलेले बरे. हसणाऱ्यांची मला काही किंमत नव्हती.

राजशेखर गेला त्याच रात्री स्वयंपाकघर आवरताना मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? मी बांगड्या घालते, त्यांना कधी वाजल्याच नाहीत. पाठमोरं बोललं की उत्तर नाही. मी आपली समोर येऊन बोलते." तिनं हात पुसले. "आमच्या गिरणीच्या चाळीत सगळ्याच बायका समोर येऊन बोलायच्या. कुणी कुणाला म्हणून दाखवलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

सोमवारी दुकानदाराचा माणूस आला. आप्पांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "काळा घेऊन जा."

"काका, पण मामांचा फोन होता. तुमच्या पाहुण्यांनी काळा पसंत केलाय म्हणाले."

"पाहुणे गेले," आप्पा म्हणाले.

रुपेरी राहिला. आणि सांगून टाकते, आवाज अर्ध्याच्या वर नेला की तो फाटायचा. अगदी राजशेखर म्हणाला होता तसा. ते स्पीकर त्याला पेलत नव्हतेच. या बाबतीत तो पूर्ण बरोबर होता. माझं त्याच्याशी लग्न झालं असतं तर तो आयुष्यभर बरोबरच राहिला असता, आणि मी ते भिंतीला लागून उभी राहून ऐकलं असतं. पुढं माझं लग्न झालं, ज्याला पंप आणि मिक्सर यांच्या आवाजातला फरक सांगता येत नाही अशा माणसाशी. त्यात माझं काही बिघडलं नाही.

पण त्या वेळी आप्पांनी अ‍ॅम्प्लिफायर ठेवून घेतला आणि लावला मात्र नाही. त्यावर आईचं भरतकामाचं कापड पडलं. स्पीकरवर पुन्हा वाळलेले कपडे आले, आणि आता ते उचलून ठेवायला कुणी नव्हतं. आप्पा सकाळी बाजारात जायचे, संध्याकाळी कट्ट्यावर. माझ्याशी नीट बोलायचे, पण त्या विषयाला हात लावायचे नाहीत. मीही लावला नाही.

लग्नाची म्हणून ठरलेली तारीख येऊन गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसले होते, तेव्हा त्यांनी हॉलमधून हाक मारली.

"गिरिजा, इकडं ये."

त्यांनी कपडे पलंगावर ठेवले होते, अ‍ॅम्प्लिफायरवरचं कापड काढलं होतं. कॅसेट हातात होती.

"तू लोकांना खरं का सांगत नाहीस?" त्यांनी विचारलं. "बाप बहिरा आहे, त्यावरून झालं म्हणून सांग. एवढी तरी अब्रू राहील तुझी."

"बाप बहिरा आहे म्हणून नाही मोडलं."

"मग कशावरून मोडलं?"

"अ‍ॅम्प्लिफायरवरून," मी म्हटलं.

त्यांनी कॅसेट टेपरेकॉर्डरजवळ ठेवली. मग शेजारची खुर्ची ओढली. "बस. ही कॅसेट मी रोज ऐकायचो. यात मला काय ऐकू येत नाही ते सांग."

"आप्पा, राहू द्या ना."

"का राहू दे? माझी कॅसेट आहे. तिच्यात काय भरलंय ते मला कळायला नको?"

त्यांनी कॅसेट लावली. मी त्यांच्याकडं तोंड करून बसले.

"पेटी?" ते म्हणाले. "ती येते मला. मृदंग येतो. म्हणणाऱ्याचा आवाज येतो. बाकी?"

"टाळ आहेत."

"टाळ आहेत?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "किती जण?"

"एकच असावा. एका बाजूला आहे, डावीकडं."

त्यांनी डावीकडच्या स्पीकरकडं बघितलं. त्या काळ्या कापडाकडं असं बघितलं, की जणू तो टाळवाला आत बसलाय आणि त्यांना ओळख देत नाही. "बरा वाजवतो का?"

मी उत्तर देण्याआधी ऐकत राहिले. खरंच नीट ऐकलं, पूर्ण भजन संपेपर्यंत. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत बसले होते.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"पुढं पळतोय. मृदंगवाला त्याला सावरायला बघतोय, पण हा ऐकतच नाही. शेवटी तर चुकलाच."

"सारखा चुकतोय?"

"सारखा."

आप्पांचे खांदे आधी हलले. मग ते हसायला लागले, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"अगं, यातला टाळवाला बेताल आहे म्हणे! पहिल्यापासून! आणि मी बटण पिळून पिळून त्यालाच शोधत होतो." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळले. "म्हणजे आपण फार काही गमावलं नाही म्हण की."

"काही नाही गमावलं, आप्पा."

"मग कॅसेट उलटी कर," ते म्हणाले. "दुसऱ्या बाजूला कोण काय करतोय ते बघू."